आपल्या डोक्यावर ओझोनचं छिद्र नाही, मग ऊन इतकं का पोळतं?

जळगाव जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलंय: "मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. ओझोनच्या थराला छिद्र पडल्यामुळे ऊन तिखट झालंय असं आम्ही मुलांना सांगतो, ते बरोबर आहे का? मग शहरांत ओझोन वाढल्याच्या बातम्या येतात, तेव्हा ती काळजीची गोष्ट का? हवामानबदलाचा या सगळ्याशी काय संबंध? आणि मुलांना उन्हापासून जपायचं, की ड जीवनसत्त्वासाठी उन्हात पाठवायचं?"

मॅडम, तुमच्या प्रश्नात चार प्रश्न आहेत, आणि गोंधळ होतो तो चौघांची एकच मोट बांधल्यामुळे. ही मोट पाठ्यपुस्तकांत, वर्तमानपत्रांत, भाषणांत सगळीकडे दिसते. आधी सरळ उत्तर देतो. ओझोनचं छिद्र अंटार्क्टिकावर पडतं, जळगाववर नाही, आणि कधी नव्हतंही. मेमध्ये तुमच्याकडे हवा तापते त्याचं कारण वेगळं, त्या उन्हातले अतिनील (यूव्ही) किरण तीव्र असतात त्याचं कारण वेगळं, आणि बातमीतला वाढलेला ओझोन हे तिसरंच प्रकरण आहे. तिन्हींवरचे उपायही वेगळे आहेत, म्हणून ती वेगळी ओळखायला हवीत.

माझी नोकरी पुण्यात ओझोन मोजण्यात गेली, त्यामुळे मोजणीपासूनच सुरुवात करतो. डॉबसन स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाचं एक यंत्र असतं. ऑक्सफर्डच्या डॉबसन यांनी ते १९२०च्या दशकात बनवलं आणि जगभर आजही तेच प्रमाण मानलं जातं. लांबलचक पेटीसारखं हे जड यंत्र बाहेर उन्हात न्यायचं आणि वरच्या लोलकातून सूर्यप्रकाश आत घ्यायचा. यंत्र त्यातल्या दोन तरंगलांबी निवडतं. एक ३०५.५ नॅनोमीटरची, जी ओझोन भरपूर शोषून घेतो, आणि दुसरी ३२५.४ ची, जिला तो फारसा अडवत नाही. आपण तबकडी फिरवत काटा शून्यावर आणायचा आणि आकडा टिपायचा. दोन्ही प्रकाशांतल्या फरकावरून डोक्यावर एकूण किती ओझोन आहे ते कळतं. डोक्यावरचा सगळा ओझोन समुद्रसपाटीच्या दाबाला आणि शून्य अंशाला आणून पसरला तर जगभराची सरासरी जाडी सुमारे ३ मिलिमीटर भरते. तिलाच ३०० डॉबसन म्हणतात. अतिनील किरण अडवणाऱ्या एवढ्या ३ मिलिमीटरच्या जोरावर जमिनीवरची जीवसृष्टी उभी आहे, याचं मला इतक्या वर्षांनंतरही नवल वाटतं.

आता छिद्राची गोष्ट. १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या हॅली तळावरची डॉबसनची मोजमापं प्रसिद्ध केली. तिथल्या वसंतात, म्हणजे आपल्या ऑक्टोबरच्या सुमारास, ओझोन भयानक घटत असल्याचं त्यांत दिसत होतं. २२० डॉबसनच्या खाली गेलेल्या भागाला आज 'छिद्र' म्हणतात. तेव्हाच्या फ्रिज, एसी, स्प्रे आणि फोममधल्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंतून, म्हणजे सीएफसींतून, क्लोरिन वर पोचतो, हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्येच सांगितलं होतं. क्रुत्झेन यांच्यासह त्यांना १९९५ चं नोबेल मिळालं. पण नेमकं दक्षिण ध्रुवावरच का? कारण तिथल्या काळोख्या हिवाळ्यात स्थितांबरातलं, म्हणजे ओझोन असलेल्या वरच्या हवेच्या थरातलं, तापमान उणे ७८ अंशांच्याही खाली जातं, तिथे बर्फकणांचे पातळ ढग तयार होतात, आणि त्या कणांच्या पृष्ठभागावर निरुपद्रवी स्वरूपातला क्लोरिन मोकळा होतो. वसंतात सूर्य उगवला की हाच क्लोरिन ओझोन फोडत सुटतो. एकेक अणू हजारो रेणू संपवतो. डिसेंबरपर्यंत हवा मिसळते आणि छिद्र भरून येतं. भारताच्या अंटार्क्टिकावरच्या मैत्री तळावरून हवामान खातं फुग्यांनी ही मोजणी करतं.

ही अतिथंड हवा, हे ढग, तो काळोखाचा हंगाम यातलं आपल्याकडे काहीच नाही. त्यामुळे उष्ण कटिबंधात ओझोनच्या एकूण जाडीत लक्षणीय घट झालेली मोजमापांत दिसतच नाही. आपल्याकडचा थर मुळातच पातळ असतो. पुण्यावर तो ढोबळमानाने २४० ते २९० डॉबसनच्या दरम्यान असतो, हिवाळ्यात कमी आणि मे-जूनच्या आसपास जास्त. गंमत अशी की जगातला बहुतेक ओझोन तयार होतो तो विषुववृत्ताच्या आसपासच्या प्रखर उन्हात. पण स्थितांबरातली हवा संथपणे वर चढून ध्रुवांकडे सरकते आणि इथे तयार झालेला ओझोन तिकडे नेऊन साठवते. सीएफसी यायच्या कितीतरी आधीपासून हे असंच चालू आहे.

मग आपल्याकडे अतिनील इतके तीव्र का? मुख्य कारण सूर्य थेट डोक्यावर येतो हे. शून्य सावलीचा दिवस तुम्ही मुलांना दाखवत असाल. पुण्यात तो १३ मेच्या सुमारास येतो, मुंबईत १५ मेच्या, जळगावला मेच्या शेवटच्या आठवड्यात. त्या दिवशी भर दुपारी किरणांना थरातून सगळ्यांत आखूड वाट मिळते. अतिनील निर्देशांक नावाचं एक मोजमाप आहे: ३ पासून काळजी घ्यावी, ८ म्हणजे फार जास्त, ११ आणि पुढे अतितीव्र. निरभ्र मेमध्ये आपल्याकडे तो ११-१२ ला सहज भिडतो, तर डिसेंबरातल्या भर दुपारी त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. आता थराची जाडी १ टक्क्याने कमी झाली तर त्वचा भाजणारे किरण साधारण सव्वा टक्क्याच्या आतबाहेर वाढतात. म्हणजे आपल्या थरात ५ टक्के फरक पडला तरी ६ टक्क्यांच्या आसपास फरक, आणि सूर्य डिसेंबरातून मेमध्ये वर चढला की थेट दुप्पट. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, मुलांना लगेच उमजेल.

इथे आणखी एक गोष्ट सुटी करायला हवी. अतिनील किरण जाणवत नाहीत. अंग भाजतं ते तापलेल्या हवेनं, जमिनीच्या झळांनी आणि सूर्याच्या अवरक्त किरणांनी. जळगावला सूर्य सर्वांत वर येतो तो साडेबाराच्या सुमारास, पण पारा सर्वोच्च असतो तीन-साडेतीनला. साडेतीनला जीव नकोसा होतो तेव्हा अतिनील बरेच उतरलेले असतात, आणि बारा वाजता वाऱ्यावर बरं वाटत असलं तरी ते ऐन भरात असतात. महाबळेश्वरला हे फार फसवतं. हवा गार, पण दर हजार मीटरला अतिनील सुमारे १० टक्क्यांनी वाढतात आणि महाबळेश्वर तर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. तिथे मेमध्ये पर्यटक डोकं उघडं टाकून दिवसभर फिरतात आणि संध्याकाळी मान चुरचुरायला लागते. पातळ ढगांतूनही बहुतेक अतिनील आरपार येतात. आषाढातले काळे ढग मात्र त्यांना चांगलेच अडवतात.

हवेचा ताप हा वेगळा हिशोब आहे. तो वाढतोय त्याचं मुख्य कारण कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून साठलेला कार्बन डायऑक्साइड, त्याच्या जोडीला मिथेन वगैरे इतर हरितगृह वायू, आणि शहरांत काँक्रीट-डांबराची भर. छिद्रातून जादा ऊन आत आलं म्हणून पृथ्वी तापली, हे वाक्य मुलांच्या वह्यांतून कृपया खोडून टाका. उद्या छिद्र पूर्ण बुजलं तरी जळगावचा मे गार होणार नाही.

आता बातमीतला ओझोन. विस्तव चुलीत असला तर स्वयंपाक होतो आणि छपराला लागला तर घर जातं. ओझोनचंही तसंच, तो कुठे आहे यावर सगळं ठरतं. सुमारे ९० टक्के ओझोन स्थितांबरात आहे आणि तो आपलं रक्षण करतो. उरलेला खाली तपांबरात, आपण श्वास घेतो त्या हवेतही असतो, आणि तिथे तो विषारी आहे.

आम्ही फुग्याला ओझोनसाँड नावाचं ओझोन मोजणारं यंत्र बांधून सोडायचो. हे भारतीय बनावटीचं यंत्र १९६०च्या दशकात पुण्याच्या हवामान खात्यात तयार झालं. त्यामागे ॲना मणी होत्या. भारतीय हवामान उपकरणांचा पायाच या बाईंनी घातला आणि आपल्या पुस्तकांत त्यांच्याबद्दल दोन ओळीही नसतात, याची मला खंत आहे. यंत्रात पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाची छोटी कुपी असते. लहानसा पंप बाहेरची हवा त्या द्रावणातून बुडबुड्यांच्या रूपात सोडतो. हवेत ओझोन असला की आयोडिन सुटं होतं आणि अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो, तो रेडिओवरून खाली कळतो. हायड्रोजनचा फुगा वर चढू लागला की आलेखावर सगळा प्रवास दिसतो. जमिनीलगत थोडा ओझोन. वर साधारण १६-१७ किलोमीटरवर, तापमान उणे ८० च्या आसपास असताना, जवळजवळ नाहीच. आणि तिथून पुढे रेघ झरझर चढत २५-२७ किलोमीटरवर शिखर गाठते. ३०-३५ किलोमीटरवर फुगा फुटतो. आमच्यासाठी महत्त्वाचं ते वरचं शिखर होतं. पण लोकांच्या फुप्फुसांसाठी आलेखाचा तळाचा तो लहानसा तुकडा महत्त्वाचा आहे.

हा खालचा ओझोन कुठल्याच धुराड्यातून किंवा सायलेन्सरमधून थेट बाहेर पडत नाही. गाड्या, वीजकेंद्रं, कारखाने यांतून नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात. पेट्रोलची वाफ, रंग, द्रावकं, जाळलेला कचरा यांतून सेंद्रिय वाफा निघतात. या दोन्हींवर ऊन पडलं की दुपारपर्यंत ओझोन तयार होतो. लॉस एंजेलिसमधलं डोळे चुरचुरवणारं धुकं याच क्रियेतून होतं, हे हागेन-स्मिट यांनी १९५०च्या सुमारास शोधून काढलं. त्या शहरात रबराला भेगा पडत. रबर ओझोनने तडकतं, म्हणून ताणलेल्या रबराच्या पट्ट्या टांगून भेगा मोजणं हीच तेव्हा ओझोन मोजायची एक रीत झाली होती.

यात दोन गोष्टी लोकांना उलट्या वाटतात. एक म्हणजे भर चौकात ओझोन कमी आणि गावाबाहेर जास्त असू शकतो. ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खातो. तीच हवा वाऱ्याबरोबर शहराबाहेर गेली की वाटेत ओझोन तयार होत जातो. दुसरी म्हणजे २०२० च्या टाळेबंदीत धूर एकदम घटला तरी कित्येक शहरांत ओझोन त्या प्रमाणात कमी झाला नाही, काही ठिकाणी तर वाढला. कारण त्याला खाणारा वायूही घटला होता. म्हणून फक्त गाड्या कमी करून भागत नाही, कचरा जाळणं आणि द्रावकांच्या वाफाही आटोक्यात आणाव्या लागतात. भारतात हवेतल्या ओझोनची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे. आपल्याकडे पावसाळ्यात तो सर्वांत कमी आणि फेब्रुवारी ते मेमध्ये जास्त असतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या 'सफर' प्रकल्पात पुणे-मुंबईची हवा पाहायला मिळते. त्यात ओझोनचा आकडा दुपारनंतर बघायची सवय लावावी.

आता एक आवाहन, आणि हे मी मनापासून करतो. 'पहाटे हवेत ओझोन जास्त असतो, म्हणून पहाटे फिरायला जावं', 'तुळस ओझोन सोडते' असे संदेश मोबाइलवर सतत फिरतात आणि शाळांच्या फलकांवरही लिहिले जातात. दोन्ही चूक आहेत. ऊन नसल्यामुळे पहाटे जमिनीलगत ओझोन सर्वांत कमी असतो. पहाटे फिरणं ओझोनच्या दृष्टीनं चांगलं आहे ते याच कारणानं! तुळस लावा, तिची पूजा करा, पण तुळस किंवा दुसरं कुठलंही झाड ओझोन सोडत नाही. आणि खोलीतली हवा शुद्ध करतं म्हणून विकलं जाणारं ओझोन जनरेटर घरात लावू नका. ज्या प्रमाणात ओझोन जंतू मारतो त्या प्रमाणात तो माणसाच्या श्वासनलिकेलाही भाजतो. ज्यांना दमा आहे त्यांच्या खोलीत तर हे यंत्र असूच नये.

ओझोन फुप्फुसांत गेला की घसा खवखवतो, छाती आवळल्यासारखी होते, खोल श्वास घेताना खोकला येतो. दमेकऱ्यांचे झटके वाढतात. मास्क धुळीसाठी उपयोगी, पण ओझोन हा वायू असल्यामुळे एन-९५ सुद्धा त्याला अडवत नाही. उपाय एकच, दुपारी उशिरा मैदानावर जोराचे खेळ नकोत. उष्णतेची लाट आली की हवा साचते, रासायनिक क्रिया जोरात होतात, ओझोन वाढतो. म्हणजे उष्माघाताचा धोका आणि फुप्फुसांचा धोका एकाच दिवशी दारात येतात. हवामानबदल आणि आरोग्य यांचा आपल्या रोजच्या जगण्यातला सर्वांत थेट दुवा मला हा वाटतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

तुमचा भाग शेतीचा, म्हणून तिकडेही वळतो. शहराबाहेर सरकलेला हा ओझोन पिकांच्या पानांवरच्या छिद्रांतून आत जातो आणि अन्न तयार करणाऱ्या पेशी बिघडवतो. गहू आणि सोयाबीन त्याला विशेष नाजूक. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशाचा सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ बुडाला. शेतकऱ्याला यातलं काही डोळ्यांनी दिसत नाही. पाऊस ठीक, खत दिलेलं, तरी उतारा कमी, एवढंच हाती येतं. त्याच्या शेतातल्या नुकसानीचा उगम दूरच्या महामार्गावर असतो आणि भरपाई मागायला दारही नसतं.

आता शरीर आणि ऊन. सर्वांत जास्त दुर्लक्ष डोळ्यांकडे होतं. अतिनीलच्या ए आणि बी या प्रकारांपैकी बी किरणांनी डोळ्यातल्या भिंगाची प्रथिनं बिघडतात आणि मोतीबिंदूला हातभार लागतो. जगात मोतीबिंदूमुळे आलेल्या अंधत्वापैकी १० टक्क्यांपर्यंत वाटा अतिनीलचा असू शकतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बुबुळावर नाकाकडून चढणारी वेल उन्हात, वाऱ्यात आणि धुळीत राबणाऱ्यांमध्ये जास्त दिसते: शेतकरी, मच्छीमार, मिठागरातले कामगार. गॉगल घेताना काच किती काळी ते बघू नका, 'यूव्ही ४००' असं लिहिलंय का ते पाहा, आणि चष्म्याच्या दुकानात तपासून घ्या. नुसत्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि अतिनील जास्त आत जातात. अशा गॉगलपेक्षा रुंद काठाची टोपी बरी.

त्वचेबाबत आपल्याकडे दोन टोकं दिसतात. 'आपल्याला काही होत नाही' हे एक. गडद त्वचेतलं मेलॅनिन खरंच मोठं संरक्षण देतं. ऑस्ट्रेलियात त्वचेचा कर्करोग घरोघरी ऐकू येतो, आपल्याकडे तो तुलनेनं फार कमी आहे. पण वांग, काळे डाग, अकाली सुरकुत्या आणि उन्हाची ॲलर्जी आपल्याला चुकलेली नाही, आणि कोड असलेल्यांच्या पांढऱ्या चट्ट्यांना तर मेलॅनिनचं संरक्षणच नसतं. जिथं वर्ण गोरा आणि ऊन कडक अशा देशांत स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांनाही तिथले आकडे पाहून घाबरायचं कारण नाही, पण टोपी-सनस्क्रीनची तिथली शिस्त जरूर पाळावी. दुसरं टोक म्हणजे मुलीचा रंग काळवंडेल म्हणून तिला उन्हात जाऊच न देणं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यातूनच हाडांचं नुकसान होतं.

ड जीवनसत्त्व अतिनील बी किरणांतूनच त्वचेत तयार होतं. आणि आपण ज्याला कोवळं ऊन म्हणतो त्यात हे किरण फार थोडे असतात. सकाळी तिरप्या वाटेनं येताना ओझोन त्यांना गाळून टाकतो. बाळाला सकाळी सातच्या उन्हात ठेवण्यात ऊब आहे, प्रसन्नता आहे, पण ड जीवनसत्त्व जवळजवळ नाही. बंद काचेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हातही नाही, कारण काच बी किरण अडवते. ए किरण मात्र येऊ देते. धुरकट हवाही बी किरण अडवते. दिल्लीत जास्त प्रदूषित भागातल्या बाळांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी आढळल्याचा अभ्यास प्रसिद्ध आहे.

मग किती उन्हात जायचं? सावली बघायची. आपली सावली उंचीपेक्षा आखूड असेल तर बी किरण भरपूर आहेत, लांब असेल तर कमी. जळगावला डिसेंबरात भर दुपारी सावली साधारण आपल्या उंचीएवढी असते, तेव्हा हात-पाय उघडे ठेवून वीस-तीस मिनिटं मैदानात खेळायला काहीच हरकत नाही. मेमध्ये सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारासची दहा-पंधरा मिनिटं पुरेत, आणि मग सावली. तान्ह्या बाळांना उन्हाच्या भरवशावर न ठेवता बालरोगतज्ज्ञ रोज ४०० युनिटचे थेंब देतात, ते द्यावेत. मोठ्यांनी ६०,००० युनिटच्या पुड्या मात्र मनानं घेत राहू नये. जास्त झालेल्या ड जीवनसत्त्वाने रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो.

कपड्यांबाबत एक बारकावा. पांढरं तलम मलमल उकाड्यासाठी उत्तम, पण अतिनील त्यातून बरेच आरपार जातात, ओलं झाल्यावर तर आणखी. घट्ट विणीचं, सैल शिवलेलं सुती कापड दोन्ही कामं करतं. शाळेच्या मैदानावर एखादं मोठं कडुलिंबाचं झाड असेल तर त्याच्या दाट सावलीत प्रार्थना घ्या. पत्र्याच्या लहान शेडखाली चहूबाजूंनी निळं आकाश दिसत असेल तर तितके अतिनील बाजूनं येतच राहतात.

अतिनीलचा परिणाम तुमच्या जिल्ह्यात वस्तूंवरही रोज दिसतो. ठिबकच्या नळ्या काळ्या का असतात, हे मुलांना विचारा. प्लॅस्टिकमध्ये काजळी मिसळलेली असते, ती अतिनील शोषून घेते. ती नसती तर नळी काही हंगामांतच ठिसूळ होऊन तुटली असती. शेतात राहिलेला प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर आणि पिशव्या याच किरणांनी चुरतात, आणि तो चुरा सूक्ष्म प्लॅस्टिक होऊन मातीत मिसळतो.

राहिला हवामानबदलाशी संबंध. तो आहे, पण लोक समजतात त्या दिशेने नाही. ओझोन खाणारे सीएफसी हे स्वतःच प्रचंड ताकदीचे हरितगृह वायू आहेत. जुन्या फ्रिजमधला आर-१२ हा सीएफसी कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत वजनाला वजन १० हजार पटींहून जास्त तापवतो. १६ सप्टेंबर १९८७ ला ओझोन खाणारे वायू बंद करण्याचा माँट्रियल करार झाला, भारत १९९२ मध्ये त्यात आला, आणि आज जगातला प्रत्येक देश त्यात आहे. त्यामुळे ओझोन वाचला आणि नकळत हवामानालाही मोठा दिलासा मिळाला. करार झालाच नसता तर काय, याचं गणित शास्त्रज्ञांनी मांडलंय. २०२१ च्या एका अभ्यासानुसार शतकाच्या अखेरीस सुमारे २.५ अंश जादा तापमानवाढ झाली असती. त्यातली काही थेट सीएफसीमुळे आणि काही अतिनीलने खुरटलेल्या वनस्पतींनी कार्बन कमी शोषल्यामुळे. आताचा अंदाज असा की अंटार्क्टिकावरचा थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल आणि ध्रुव सोडून इतरत्र २०४० च्या सुमारास.

पण सीएफसीच्या जागी आलेले हायड्रोफ्लुरोकार्बन, म्हणजे एचएफसी, ओझोनला धक्का लावत नसले तरी हवा तापवतात. म्हणून २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीत करारात दुरुस्ती झाली आणि २०२१ मध्ये भारतानं ती मान्य केली. आपल्याला हे वायू २०३२ पासून टप्प्याटप्प्यानं कमी करत २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली आणायचे आहेत. घरात याचा अर्थ साधा आहे. एसीमध्ये गॅस दरवर्षी 'संपत' नाही. दरवर्षी भरावा लागत असेल तर गळती आहे, ती आधी शोधून झाळून घ्या आणि मगच गॅस भरा. एसी हलवताना मेकॅनिकला गॅस हवेत सोडू देऊ नका, पंप-डाऊन करून बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यायला सांगा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. नवीन घेताना हवा कमी तापवणारा आर-२९० किंवा निदान आर-३२ वायू असलेला बघा.

आणि युरियाबद्दल एक शब्द. जास्तीच्या नत्रखतातून निघणारा नायट्रस ऑक्साइड हा आज माणूस हवेत सोडत असलेल्या वायूंपैकी ओझोनला सर्वांत जास्त खाणारा वायू आहे, शिवाय हरितगृह वायूही. माँट्रियल करारात तो नाही. ठिबकमधून नत्र हप्त्याहप्त्यानं, पिकाच्या गरजेपुरतं देणं हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. तुमच्या जिल्ह्यातले केळीवाले हे आधीपासूनच करतात.

वर्गात दाखवायला एक प्रयोग सुचवतो, खर्च नगण्य आहे. १०० मिलिलिटर पाण्यात सव्वा चमचा मक्याचं पीठ, म्हणजे कॉर्नफ्लोअर, घालून पारदर्शक खळ होईपर्यंत गरम करा. उतरवून त्यात पाव चमचा पोटॅशियम आयोडाइड ढवळा. थंड झाल्यावर ही खळ गाळणकागदावर ब्रशने एकसारखी लावा, अंधारात वाळवा, पट्ट्या कापून झिपच्या पिशवीत ठेवा. वापरताना पट्टी शुद्ध पाण्याने ओली करून थेट ऊन लागणार नाही अशा जागी सकाळी टांगा. ओझोनने आयोडिन सुटं होतं, पिष्टाशी मिळतं आणि पट्टी जांभळट होते. एक पट्टी हमरस्त्यालगत, एक शाळेत, एक गावाबाहेरच्या बांधावर लावा आणि संध्याकाळी पुन्हा ओली करून शेजारी ठेवून पाहा. धुरातले इतर वायूही थोडा रंग आणतात आणि दमट हवेत रंग गडद येतो, तेव्हा तिन्ही पट्ट्या एकाच दिवशी लावायच्या. १६ सप्टेंबरच्या ओझोन दिनी मात्र हा प्रयोग करू नका, पावसाळी हवेत ओझोन कमी असतो आणि मुलांचा विरस होईल. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी करा, तेव्हा आकाश निरभ्र असतं आणि बांधावरची पट्टी रस्त्यालगतच्या पट्टीपेक्षा गडद येण्याची शक्यता चांगली असते.